नागपूरहून कॅम्परव्हॅन आणि गळ: पाण्याकाठच्या पहिल्या मुक्कामाची तयारी

गाडीतच झोपायचं, गाडीशेजारीच रांधायचं आणि पहाटे उठून चार पावलांवर गळ टाकायचा, अशी सहल नागपूरहून सहज जमते. शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत पेंच, कन्हान, वैनगंगा आणि त्यांच्यावरचे जलाशय आहेत. परदेशी व्हिडिओंमध्ये मात्र नदीकाठी आखलेले गाळे दिसतात, प्रत्येक गाळ्याला नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याचं तोंड असतं. तसं काही आयतं मिळेल या भरवशावर निघू नका. इथे ते सगळं स्वतः जुळवावं लागतं, आणि ते जुळवताना क्रम फार महत्त्वाचा: आधी पाणी ठरवा, मग गाडी उभी करायची जमीन, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी गळ-दोरा. बहुतेक नवखे आधी रॉड विकत घेतात, मग गाडी ठरवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी नकाशा उघडतात. मग पाण्याजवळ पोचल्यावर कळतं, की मासेमारीचा हक्क मच्छिमार संस्थेचा आहे, जमीन दुसऱ्या कुणाची आहे आणि चाकं काळ्या मातीत आहेत.

कोणता महिना

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य, एवढाच काळ नवख्यांनी धरावा. जून ते ऑगस्टमध्ये मासे अंड्यांवर असतात, प्रवाहाच्या उलट चढतात. त्या दिवसांत गळ घरीच राहू द्या. शिवाय धरणांची दारं कधीही उघडतात आणि खालच्या नदीची पातळी काही तासांत बदलते. दारं उघडण्याआधी भोंगा वाजतो, पण गाडीचे दरवाजे लावून झोपलेल्या माणसाला तो ऐकू येईलच असं नाही.

मोसमाच्या आतही फरक आहे. नोव्हेंबरात जलाशय काठोकाठ असतात आणि पाणी निवळलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली उतरतं. थंड पाण्यात रोहू-कटला सुस्तावतात, फार खात नाहीत. तेव्हा पहाटे पाचला कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, सकाळी ११ ते दुपारी ३ हीच वेळ खरी. गळाच्या दृष्टीने फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले दोन आठवडे सर्वांत चांगले: पाणी तापू लागतं, मासा खायला निघतो आणि रात्रीही सुसह्य असतात. एप्रिलपासून पत्र्याची गाडी दुपारी भट्टी होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर विचारच नको.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या दृष्टीने वणव्याचा हंगाम. जंगलालगत मुक्काम असेल तर या काळात उघड्यावर जाळ करू नका, शेकोटीही नाही.

पाणी निवडताना

पहिल्या सहलीसाठी आमची शिफारस रामटेकजवळच्या खिंडसीची. जबलपूर महामार्गाने मनसरपर्यंत आणि तिथून रामटेक, म्हणजे शहरापासून पन्नासेक किलोमीटर. रस्ता शेवटपर्यंत डांबरी, आजूबाजूला रिसॉर्ट आणि शेतघरं आहेत आणि काही अडलं तर रामटेकला दवाखाना, गॅरेज, बाजार सगळं आहे. वाहत्या नदीची मजा इथे नाही, पण स्थिर पाण्यावर गळ शिकणं कितीतरी सोपं जातं.

दुसरी सहल कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याची करा. पाच नद्यांचा संगम म्हणून ओळखली जाणारी ही जागा नागपूरहून कुही, मांढळ, वेलतूर मार्गे ७०-७५ किलोमीटरवर आहे. वैनगंगेचं इथलं पात्र म्हणजे गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, त्यामुळे पाणी अफाट पसरलेलं आहे. चैतन्येश्वराच्या मंदिराजवळ आणि घाटावर गळ टाकू नका. तो देवस्थानाचा परिसर आहे. महाशिवरात्रीच्या आसपास इथे मोठी गर्दी असते, तेव्हा मोठी गाडी नेऊच नका.

आंभोऱ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. तेच पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं, म्हणूनच तिथे जलपर्णीचा त्रास आहे. हे पाणी प्यायला, भांड्यांना किंवा भाजी धुवायला वापरू नका, आणि इथे गळ खेळायचा असेल तर मासा पुन्हा पाण्यात सोडायच्या तयारीने खेळा. ताटात मासा हवा असेल तर खिंडसीसारखं स्वच्छ पाणी बघा. शहराची घाण नदीत जाते आणि नदी आपल्या पानात परत येते, हे नागपूरकरांनी तरी विसरू नये.

बॅकवॉटरला आणखी दोन अडचणी असतात. धरण भरताना बुडालेली झाडं पाण्याखाली उभीच राहतात आणि गळ त्यांच्या खोडात अडकतो. बुडीत क्षेत्रातले जुने रस्तेही मोबाइलच्या नकाशावर कधीकधी तसेच दिसत असतात. अंधारात नकाशा सांगेल तसं वळत गेलात तर रस्ता थेट पाण्यात उतरतो. शेवटचे पाच किलोमीटर दिवसाउजेडी आणि गावात विचारूनच कापा.

पारशिवनीकडचं नवेगाव खैरी मोहात पाडतं. पाणी पेंचचं, स्वच्छ आणि निळं. पण या जलाशयाला पेंच व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागून आहे, आणि अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात मासा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तोतलाडोहचं तर नावच काढू नका. ते प्रकल्पाच्या आत आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यालाही हाच नियम. ‘गावातले लोक टाकतात ना’ हे कारण वनरक्षकापुढे चालत नाही. पेंचला जायचंच असेल तर गळ घरी ठेवा आणि अमावस्येच्या आसपास आकाश बघायला जा. पेंच हे २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ झालं. तिथलं हिवाळ्यातलं तारांगण एकदा तरी डोळ्यांत साठवावं.

वाकीजवळ कन्हानचा काठ शहराच्या अगदी जवळ आहे, तरी मुक्कामी सहलीसाठी तो सुचवत नाही. कन्हानच्या पात्रात जिथे रेतीचा उपसा होतो तिथे वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात अचानक पुरुष-दोन पुरुष खोल खड्डा लागतो. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

कुणाला विचारायचं

जलाशयातला मासा सरकारी असला तरी तो पकडण्याचा ठेका सहसा स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. ढिवर-भोई समाजातल्या कित्येक घरांची चूल त्या पाण्यावर चालते. संस्थेने पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं, म्हणजे तुमच्या गळाला लागलेला कटला बहुधा त्यांनीच बोटाएवढा असताना पाण्यात सोडलेला असतो. म्हणून जायच्या आठवडाभर आधी गावात एक चक्कर मारा, संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा. तीन गोष्टी विचारा: गळाला परवानगी आहे का, दिवसाचे किती द्यायचे आणि मासा न्यायचा झाल्यास वजनाप्रमाणे काय दर. पैशाची पावती मागा. मग जाळी कुठे लावलेली आहेत तेही विचारून घ्या. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले, की खाली जाळं आहे असं समजा. त्या ओळीपासून किमान ५० मीटर लांब राहा. गळ अडकून जाळं फाटलं तर भरपाई तिथल्या तिथे द्या. मासे वाढवायचे पिंजरे असतील तर त्या बाजूला तोंडही करू नका.

एवढं नीट बोललात, की बहुतेक ठिकाणी लोक स्वतःहून सांगतात: ‘भाऊ, त्या बाजूला बसा, तिकडे खोल हाय.’ असं एक वाक्य महागड्या रीलपेक्षा कामाचं असतं.

जमिनीसाठी निराळी परवानगी लागते. धरणाची भिंत, सांडवा आणि त्यालगतचा भाग जलसंपदा विभागाचा असतो. तिथे मुक्काम नाही आणि ड्रोन तर अजिबात नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काठालगतच्या शेतकऱ्याचं शेत किंवा शेतघर ठरवणं. विहीर आणि एखादा विजेचा पॉइंट मिळाला तर अर्धी सहल जमली. उभ्या पिकात गाडी घालावी लागणार नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. शेवटी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना गाडीचा नंबर, माणसं किती आणि किती रात्री, एवढं सांगून ठेवा. रात्री अनोळखी मोठी गाडी काठावर दिसली तर गाव जागं होतं आणि ते साहजिकच आहे. आधी कळवलेलं असलं तर तेच गाव तुमच्यावर लक्ष ठेवतं.

गाडी कुठे उभी करायची

सगळ्यात जास्त गाड्या इथे फसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. विदर्भातली काळी कपाशीची माती कोरडी असताना सिमेंटसारखी कडक दिसते. पण पाणी उतरलेल्या काठावर वरचा चार बोटांचा थर तेवढा वाळलेला असतो आणि त्याखाली लोण्यासारखा चिखल. साडेतीन-चार टनांची गाडी त्या पापुद्र्यावर गेली, की मागचं चाक आसापर्यंत उतरतं. भेगा पडलेली जमीन दिसली म्हणजे जमीन वाळली असा अर्थ काढू नका.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी डांबरावर ठेवून पायी जा. टोकदार लोखंडी सळई किंवा तंबूचा खुंटा टाचेने दाबा. वीतभर सहज आत गेला तर तिथे गाडी नेऊ नका. मुरमाड, तांबूस, खडे असलेली जागा शोधा. चढणीचा वरचा भाग बहुधा तसा असतो. पाण्याच्या कडेपासून किमान ५०-६० मीटर दूर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा निदान ३ मीटर उंच राहा. कोरड्या नाल्यात किंवा नदीच्या रेतीवर गाडी कधीच नको. बाभळीखालीही नको, काटे टायरमधून आरपार जातात. बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करूनच गाडी लावा. रात्री निघायची वेळ आली तर अंधारात वळवत बसावं लागू नये.

गाडी लावल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर आणि दोन चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. जमीन तिरकी असेल तर खालच्या चाकाखाली दोन इंची फळ्या घालून वर घ्या. गवंड्याचा लहान लेव्हल जवळ ठेवा, डोळ्यांवर विसंबू नका. पुरती समतल होत नसेल तर डोकं चढाच्या बाजूला करून झोपा.

तरीही रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. प्रत्येक वेळी चाक फिरलं की खड्डा खोल होतो. सगळे खाली उतरा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, चाकापुढची माती फावड्याने तिरकी काढा, ओलसर तरटाची पोती किंवा फळ्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. दोनदा जमलं नाही तर गावातून ट्रॅक्टर बोलवा. दोर चेसिसच्या हुकालाच बांधा, बंपरला नाही. ओढताना बंपर निघून येतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

गाडी: भाड्याची की स्वतःची

भाड्याने घेणार असाल तर ट्रॅव्हलर-टेम्पोवर बांधलेल्या कॅम्परव्हॅन बहुतेक चालकासह मिळतात. चालकाच्या झोपण्याची आणि जेवणाची सोय तुमच्याकडे, हे हिशोबात धरा. स्वतःच्या गाडीत सीट काढून पक्का पलंग आणि गॅस बसवायचा बेत असेल तर आधी आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय असा बदल चालत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते. नवख्यांसाठी सीट पाडून गादी टाकता येईल अशी एसयूव्ही आणि बाजूला तंबू, एवढंही पुरतं.

गाडीची एकूण उंची टेपने मोजा. छतावर एसी किंवा सौर पॅनल असेल तर ती ३ मीटरच्या आसपास जाते. तो आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. रेल्वेच्या भुयारी पुलांचे उंचीरोधक खांब आणि गावातल्या लोंबणाऱ्या विजेच्या तारा, दोन्हीला तोच आकडा लागतो.

आता वीज. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास देते, पण निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणजे खरे हाताशी ६००. एका रात्रीचा खर्च बघा: २० वॅटचा पंखा ८ तास म्हणजे १६०, पाच-पाच वॅटचे चार दिवे ५ तास म्हणजे १००, मोबाइल चार्जिंगचे ६० धरा. झाले ३२०. यात ४५ वॅटचा १२ व्होल्टचा फ्रीज जोडला तर तो अर्धा वेळ चालू धरून दिवसाला सुमारे ५४० घेतो आणि बॅटरी चोवीस तासही टिकत नाही. म्हणून एक तर लिथियम बॅटरी घ्या, नाहीतर फ्रीज विसरून बर्फाची पेटी न्या. दोन रात्रींसाठी बर्फाची पेटीच बरी. एसी बॅटरीवर चालवायचा विचार सोडून द्या; एक टनाचा एसी तासाला हजारेक वॅट-तास खातो. २०० वॅटचं सौर पॅनल हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ७०० ते ८०० वॅट-तास परत देतं, मात्र गाडी आंब्याच्या सावलीत लावली तर जवळपास काहीच नाही. गाडी सुरू करायची बॅटरी आणि दिवे-पंख्याची बॅटरी वेगळी हवी. एकाच बॅटरीवर दिवे लावून झोपलात, तर सकाळी धक्का मारावा लागतो.

पाणी: पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर, धुण्या-रांधण्यासाठी १५. चार माणसं, दोन दिवस, म्हणजे ३२ लिटर पिण्याचं आणि १२० वापराचं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार नागपुरातूनच भरून घ्या. पाण्याचं वजन विसरू नका: १५० लिटर म्हणजे १५० किलो, जणू आणखी दोन माणसं गाडीत. टायरची हवा त्या वजनाप्रमाणे, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढी ठेवा.

संडासाची कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी, साधारण १८-२० लिटरची असते आणि चार माणसांत दोन दिवसांत भरते. ती नदीत, नाल्यात, शेतात कुठेही ओतायची नाही. घरच्या संडासात किंवा सेप्टिक टँकलाच. साबणाचं पाणीही बादलीत धरा आणि काठापासून ६० मीटर आत, झाडाच्या बुंध्याशी टाका.

गॅससाठी ५ किलोचं लहान सिलिंडर पुरून उरतं. ते उभंच ठेवा, जोडणीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून हवा जायचं छिद्र खाली हवं, वरची खिडकी उघडून भागत नाही. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद गाडीत घेऊन झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गोधडी जास्तीची घ्या.

गळ, दोरा, आमिष

सुरुवातीला एकच संच पुरे: ८ ते १० फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, ४००० आकाराचं स्पिनिंग रील आणि ०.३५ मिलिमीटरचा नायलॉनचा तंगूस. असा तंगूस साधारण ७-८ किलोचा ताण घेतो. गळ ४ नंबरपासून १/० पर्यंतचे, २० ते ४० ग्रॅमची भोकाची शिसं, फिरक्या, दोन-चार फ्लोट, एक हातजाळी, लांब नाकाची पक्कड. हातजाळी विसरू नका. चार किलोचा रोहू काठाशी आल्यावर दोऱ्याने उचलायला गेलं की दोरा तिथेच तुटतो.

गळ बांधताना दोरा गळाच्या डोळ्यातून घाला, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा, गाठ थुंकीने ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापून कमजोर होतो. नवख्यांचे निम्मे मासे इथेच जातात.

रीलचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर ठेवा. ७-८ किलोच्या दोऱ्याला अडीच किलो. स्प्रिंगचा काटा दोऱ्याला अडकवून ओढा. अडीच किलोला रील दोरा सोडू लागलं पाहिजे. पूर्ण आवळलेला ब्रेक म्हणजे पहिल्याच हिसक्याला तुटलेला दोरा.

रोहू-कटल्यासाठी घरचं आमिष सगळ्यांत भरवशाचं. २५० ग्रॅम गव्हाची कणीक, २५० ग्रॅम बारीक कुटलेली भुईमुगाची ढेप (पेंड), मूठभर भाजलेलं बेसन, चिमूटभर हिंग. पाणी थोडं थोडं घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. सैल झालं तर फेकतानाच गळावरून उडतं, फार घट्ट झालं तर पाण्यात विरघळत नाही आणि वास पसरत नाही. सुपारीएवढी गोळी गळावर अशी बसवा की टोक किंचित बाहेर राहील. मासे जमवायला दोन किलो भिजवलेली ढेप आणि एक किलो तांदळाचा कोंडा काठच्या मातीत मळून लिंबाएवढे गोळे करा. पहिल्यांदा आठ-दहा गोळे एकाच ठिकाणी टाका आणि मग दर अर्ध्या तासाला दोन. सगळे एकदम टाकलेत तर मासा पोट भरून निघून जातो.

कोणता मासा कुठल्या थरात खातो हे कळलं, की निम्मं काम झालं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. त्याच्यासाठी फ्लोट लावून गळ एक ते दीड मीटरवर लोंबता ठेवा. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी, म्हणून सरकतं शिसं आणि तळावर पडलेली गोळी. चिलापीला गांडूळ आणि लहान गळ, काठाजवळच. पोरांना शिकवायला याहून चांगला मासा नाही. मरळ शिकारी आहे, कमळाच्या पानांच्या आणि शेवाळाच्या कडेला दबा धरतो. त्याच्यासाठी रबरी बेडूक पानांवरून ओढत आणा. शिंगाडा नावाच्या माशाच्या परांचे काटे फार टोचतात. त्याला उघड्या हाताने धरू नका, जाड फडकं घ्या आणि पक्कडीने गळ काढा.

लहान मासा आणि पोटात अंडी असलेली मादी परत सोडायची. हात ओला करून धरा, कोरड्या हाताला माशाची बुळबुळीत साल निघून येते आणि मग तो जगत नाही. तोडलेल्या तंगूसाचा तुकडाही काठावर ठेवू नका. त्यात बगळे आणि पाणकावळे अडकून मरतात. सुरुंग, विष किंवा विजेचा शॉक वापरणारा कुणी दिसला तर तिथून हला आणि संस्थेला कळवा.

अंधार पडल्यावर

सूर्य मावळला की गळ गुंडाळा. जंगलालगतच्या काठावर रात्री जनावरं पाण्यावर येतात आणि पेंचच्या पाण्यात मगरीही आहेत. मासा साफ करून आतडी काठावर टाकणं म्हणजे रानडुकरांना आणि बिबट्याला आमंत्रण. ती खोल पुरा, गाडीपासून लांब.

सापांचं भान तर सतत हवं. मण्यार रात्री उबेसाठी अंथरुणाशी येतो, त्याचा दंश फारसा दुखतही नाही, त्यामुळे माणसाला कळायला उशीर होतो. जमिनीवर झोपू नका, तंबूची चेन पूर्ण लावा, बूट घालण्याआधी झटका, टॉर्चशिवाय एक पाऊलही नको. दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही न करता माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून गरज पडली तर नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. जंगली जनावराचा प्रश्न असेल तर वनविभागाचा १९२६. हे नंबर आणि जवळच्या रुग्णालयाचा रस्ता कागदावर लिहून ठेवा. काठावर रेंज बहुधा जाते-येते.

पाण्याशी खेळणाऱ्या पोरांना लाइफ जॅकेट, मग ती पोहायला शिकलेली असली तरी. नावेत बसताना मोठ्यांनाही.

मासा, बर्फ आणि रांधणं

उन्हात ठेवलेला मासा काही तासांतच खराब होऊ लागतो. धरल्यावर लगेच पोट साफ करा, कल्ले काढा आणि जेवढा मासा तेवढाच बर्फ, असा थर देऊन पेटीत ठेवा. पेटीचं खालचं भोक उघडं ठेवून वितळलेलं पाणी वाहू द्या. मासा त्या पाण्यात तरंगत राहिला तर मऊ पडतो.

मासा मिळेलच असं धरून स्वयंपाक ठरवू नका. पहिल्या रात्रीसाठी घरून निघतानाच वांगी, कांदे, लसूण, भिजवलेली डाळ आणि रोडग्यांसाठी जाडसर दळलेली कणीक घ्या. जाळाला बंदी नसलेल्या दिवसांत आणि शेतकऱ्याने हो म्हटल्यास गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याचं भरीत आणि वरण, याच्यापुढे कोणताही परदेशी बार्बेक्यू फिका. राख पाण्याने पूर्ण विझवून, हाताने चाचपून मगच झोपा.

निघताना

पाण्याच्या टाकीचं तोंड, गॅसची कळ, छताची खिडकी, पायरी, चाकांचे गुटके: याच क्रमाने एक माणूस मोठ्याने म्हणेल आणि दुसरा हात लावून बघेल. छताची उघडी राहिलेली खिडकी पहिल्याच फांदीला तुटते आणि गुटका चाकाखाली राहिला तर गाडी उसळते. मागच्या पलंगावर कुणीही झोपून प्रवास करायचा नाही, सगळे पट्टा लावून सीटवर. कचरा दोन पोत्यांत वेगळा करून नागपूरला परत आणा. गावात कचरागाडी रोज येईल असं नसतं. संस्थेचे ठरलेले पैसे द्या, मासा नेत असाल तर त्यांच्यासमोर तोलून घ्या, आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी कॅसेट रिकामी करून धुवा, रॉड गोड्या पाण्याने पुसा, रीलचा ब्रेक सैल करून ठेवा.